कोल्हापूरचं बंदर

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात एक कांस्यमूर्ती आहे. उंचीला वीतभरही नाही. दाढीवाला, उघड्या पिळदार अंगाचा पुरुष, एक हात वर उचललेला. त्या मुठीत पूर्वी त्रिशूळ असणार. मी चौथीत असताना वडिलांनी मला त्या कपाटासमोर उभं केलं आणि सांगितलं, हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. मी विचारलं, ''मग ह्यो हितं कसा?'' वडील म्हणाले, ''घाट चढून आला.''

ब्रह्मपुरीची टेकडी पंचगंगेच्या काठावर आहे. १९४०च्या दशकात तिथे आधी प्रा. कुंदणगार यांनी आणि मग, १९४५-४६ साली, डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातली घरं, नाणी, मणी यांच्यासोबत रोमन साम्राज्यातून आलेल्या कांस्याच्या वस्तू सापडल्या. पोसायडन त्यातलाच. म्हणजे साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या कुणाच्या तरी घरात भूमध्य समुद्राकाठी ओतलेली मूर्ती होती. जहाजातून तो समुद्र ओलांडून आला हे कळतं. पण जहाज काही सह्याद्री चढत नाही. जहाजातून उतरलेला माल बैलाच्या पाठीवर कुठे चढत असे, हा प्रश्न मला पुढे बरीच वर्षं पुरला. उत्तर शोधायला मी ग्रंथालयात गेलो, आणि शेवटी होडीत बसलो.

नकाशावर बोट ठेवून बघा. कोल्हापूरपासून विजयदुर्गचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी कोल्हापूरचं पाणी त्या समुद्राला कधी भेटत नाही. गगनबावड्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेला उतरलेलं पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला उतरलेलं पाणी कड्यावरून कोसळतं आणि तास-दोन तासांच्या मोटारीच्या अंतरावर खारं होतं. ह्या दुसऱ्या पाण्याची जी नदी होते तिला वरच्या अंगाला शुक नदी म्हणतात, कुणी सुख नदीही म्हणतं. खाली ती वाघोटणची खाडी होते आणि विजयदुर्गला समुद्राला मिळते. तिच्या काठावर, समुद्रापासून पाण्याच्या वाटेनं सुमारे चाळीस किलोमीटर आत, खारेपाटण नावाचं गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गानं जाणाऱ्यांना ते पुलाच्या नावानं माहीत असतं. मला ते पाण्यावरून बघायचं होतं, जसं ते पूर्वी येणाऱ्याला दिसत असेल तसं.

माघातली वद्य द्वितीया ठरवली. ती होडीवाल्या तांडेलकाकांनी ठरवली, मी नव्हे. कोकणात भरतीचा हिशेब पंचांगावर चालतो आणि तो इतका सोपा आहे की घाटावरच्या माणसानंही पाठ करून ठेवावा. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल तो साधारण भरती पूर्ण भरल्याचा तास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वा अकरा. द्वितीयेला दीड. चंद्र रोज पाऊण तासापेक्षा थोडा जास्त उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. गुणाकारातला तो तीन चतुर्थांश म्हणजे चंद्राचा हा उशीर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ काटकोनात असते तेव्हा भांग. उधाण नेमकं पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी जोर धरतं. काकांनी द्वितीया धरली ती त्यासाठी. खाडीच्या वरच्या अंगाला गाळ इतका साचलाय की उधाणाच्या पाण्याशिवाय होडीचा तळ टेकतो.

दहाला विजयदुर्गच्या जेटीवरून निघालो. मी घाई करत होतो, दीडची भरती तर आणखी आधी का निघू नये म्हणून. काका म्हणाले, ''पाण्याच्या फुडे जावचा नाय. पाण्याच्या वांगडा जावचा.''

किल्ल्याबद्दल थोडक्यातच लिहितो, त्याच्यावर पुस्तकं आहेत. तो खाडीच्या तोंडावर असा बसलाय की आत जाणारं प्रत्येक शीड त्याच्या तोफांसमोरून जावं. परंपरेनं त्याचा पहिला बांधकर्ता भोज दुसरा मानला जातो, कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला शेवटचा राजा. पन्हाळ्यावर राहणाऱ्या राजाला इतक्या दूर, खाऱ्या पाण्यात किल्ला कशाला हवा होता, हे होडीतून बघताना आपोआप कळतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पेशव्यांची फौज जमिनीवरून सोबत असताना. आंग्र्यांचं आरमार त्या दिवशी किल्ल्याच्या आडोशाला जळालं. मराठी माणसाला तिथून जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही, आणि बरं वाटत नाही.

किल्ला मागे पडला आणि खाडी वळली. लाटांचा आवाज एकदम बंद झाला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं: होडीच्या पुढे एक नारळाची करवंटी तरंगत चालली होती, डोंगराच्या दिशेनं. मागून सुकलेल्या पानांचा एक पुंजका, तोही डोंगराकडे. काकांनी यंत्र थोडा वेळ बंद केलं तरी काठावरची झाडं मागे सरकतच राहिली. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला नदी एकाच दिशेनं जाते हे श्वासासारखं माहीत असतं. इथे ती दिवसातून दोनदा उलटी वाहते. आणि इंधनाशिवाय, वाऱ्याशिवाय, वल्हं न मारता ओझं आत वाहून नेते. सहा तासांनी तीच रिकामी होडी परत समुद्राला आणून सोडते. हजारो वर्षं कोकणातल्या व्यापाराला मिळालेली ही फुकटची गाडी होती, आणि तिचं वेळापत्रक आकाशात टांगलेलं होतं.

काठाला कांदळवन लागलं. तिवराची झाडं चिखलातून बोटासारखी श्वासमुळं वर काढून उभी होती. चिखलात हवा नसते, म्हणून ती मुळांनी वरून हवा घेतात. कांदळाचं वेगळं. त्याची मुळं खोडाच्या वरून कमानीसारखी पाण्यात उतरतात आणि झाड टेकू दिलेल्या मांडवासारखं दिसतं. काकांनी होडी एका कांदळाला लावली. मुळांवर कालवं चिकटली होती, करड्या, धारदार कडांची, एकावर एक. मी हात लावला आणि बोट कापलं. गंमत त्यांच्या रेषेची होती: कालवं एका ठरावीक उंचीपर्यंतच होती, त्याच्या वर एकही नाही. शेजारच्या मुळावर तीच उंची, त्याच्या पलीकडच्या खडकावरही तीच. कुणी दोरी लावून रंग मारावा अशी. त्या रेषेच्या वर त्यांना रोज पुरेसा वेळ पाणी मिळत नाही, म्हणून ती तिथे थांबतात. फांदीला शेंगेसारखी लांब रोपं लोंबत होती. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि रोप तयार होऊनच खाली चिखलात पडतं, नाहीतर पहिल्याच ओहोटीला वाहून गेलं असतं. भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे ह्या काठावर सगळ्यांनीच आपलं आयुष्य बेतलंय.

वाघोटण येईपर्यंत खाडी रुंद आणि खोल आहे. पूर्वी बऱ्यापैकी मोठी गलबतं इथवर येत. वाघोटणच्या वर ती अरुंद होते, डोंगर जवळ येतात, जांभ्याचे कडे पाण्याला लागतात. मी मधूनमधून बोट बुडवून जिभेला लावत होतो. विजयदुर्गात मीठच. वाघोटणात थोडं सौम्य. पुढे मचूळ. माघ महिन्यात नदीला वरून पाणी कमी, म्हणून खारं पाणी खूप आत शिरतं. पावसाळ्यात नदीच त्याला ढकलून समुद्राकडे लोटते. त्या काळात गोडं पाणी हलकं म्हणून वर पसरतं आणि खारं जड म्हणून त्याच्या पोटाखालून पाचरीसारखं आत सरकतं. एकाच खाडीत वर एक नदी, खाली दुसरी, उलट दिशांनी.

ह्याच टापूत, देवगड तालुक्यात, पोंभुर्ले गाव आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री आपण दरवर्षी पत्रकार दिनाला आठवतो. ते जुने लेख वाचणारेही होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खारेपाटणला सापडलेला एक ताम्रपट वाचून तो त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या जन्मगावाजवळच्या खाडीनं त्यांच्या हाती दिलेला तो कागद होता, तांब्याचा. पुढे कीलहॉर्न यांनी आणि नंतर वा. वि. मिराशी यांनी त्याच्यावर काम केलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या समुद्राबद्दल बोलणारा इतका स्पष्ट दस्तऐवज दुसरा नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८. देणारा रट्टराज, दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी, चालुक्य राजा सत्याश्रयाचा मांडलिक. आधी तो आपल्या घराण्याच्या दहा पिढ्या सांगतो. पहिला सणफुल्ल, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेनं त्याला सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली भूमी मिळाली. त्याचा मुलगा धम्मियर, त्यानं बलिपत्तन नावाचं नगर वसवलं. त्याच्या मागून ऐयपराज. त्याला चंद्रपुराजवळ नारळाच्या पाण्यानं स्नान घातल्याचं लेखात म्हटलंय. दुसऱ्या राजांना सप्तनद्यांच्या पाण्याचा अभिषेक होतो, ह्याला शहाळ्यांचा. हा तपशील वाचला की हे राजे नक्की कुठल्या मातीतले होते त्याची शंका उरत नाही.

मग येतं दान. अव्वेश्वराच्या देवळासाठी, पूजेला, डागडुजीला, तिथल्या तपस्व्यांच्या आणि अतिथींच्या अन्नवस्त्राला, मत्तमयूर परंपरेतल्या शैव आचार्यांच्या हाती गावं दिली. सेवेसाठी तेल्याचं एक घर, माळ्याचं एक, कुंभाराचं एक, परटाचं एक. आणि त्यासोबत दोन करांचं उत्पन्न. द्वीपांतराहून, म्हणजे परमुलखातून, येणाऱ्या दर जहाजामागे सोन्याचा एक गद्याण. कांदलमूलीयाहून येणाऱ्या दर जहाजामागे सोन्याचं एक धरण, चेमुल्य आणि चंद्रपूर वगळता. चेमुल्य म्हणजे चौल. चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. कांदलमूलीय ह्या नावात मला होडीत बसून बघितलेला कांदळच ऐकू येत राहिला, अगदी मुळासकट.

ह्या ओळी सावकाश वाचाव्यात. देवळाचा तेलवातीचा खर्च राजा अशा उत्पन्नावर लावून देतो जे दरवर्षी खात्रीनं येणार. कधीमधी चुकून भरकटलेल्या जहाजावर कुणी देवाची पूजा सोपवत नाही. म्हणजे परदेशी जहाजं ह्या किनाऱ्याला नेमानं येत होती, इतक्या नेमानं की त्यांच्यासाठी वेगळा दर आणि किनाऱ्यानं फिरणाऱ्यांसाठी वेगळा दर ठरलेला होता. खारेपाटणलाच सापडलेला दुसरा ताम्रपट शके १०१६ चा, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा. त्यात दोन भावांच्या, भाभणश्रेष्ठी आणि धनामश्रेष्ठी यांच्या, जहाजांना ठाणे, नागपूर, शूर्पारक म्हणजे सोपारे आणि चेमुल्य या बंदरांत जकात माफ केली आहे. हे नागपूर कोकणातलं. जकातमाफीचा कागद माणूस घरी जपून ठेवतो. तो सापडला खारेपाटणला. बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असं अभ्यासकांनी मानलं त्यामागे अशा गोष्टी आहेत.

अडीचच्या सुमाराला वळणावर गाव दिसलं. पाण्यावरून येताना पहिल्यांदा दिसते ती किल्ल्याची छोटी टेकडी, मग कौलं, मग माड. नावातच सगळं आहे: पाटण म्हणजे पत्तन, बंदराचं नगर, आणि खारं पाणी जिथवर येतं तिथलं. दीडची विजयदुर्गची भरती इथे पोचायला तास-सव्वा तास लागतो. उथळ पाण्यात तिचा पाय जड होतो, तळाचा गाळ तिला धरून ठेवतो. म्हणून वरच्या अंगाला भरती थोडक्यात आणि जोरात येते, ओहोटी रेंगाळत जाते. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढायचं थांबलं होतं. आमच्या पुढे चाललेल्या काटक्या एका जागी गोल फिरत होत्या. मी बोट बुडवून चाखलं. जवळजवळ गोडं.

गाव नेमकं तिथेच का आहे ह्याचं उत्तर त्या काटक्या देत होत्या. फुकटची गाडी इथवरच येते. इथून पुढे दगड, धावतं पाणी, आणि माल उतरवण्यावाचून इलाज नाही. मागे बावड्याचे आणि फोंड्याचे घाट. बैलांचे तांडे मीठ, सुकी मासळी, नारळ वर नेत आणि देशावरचा माल खाली आणत. जहाजाचं भाडं आणि बैलाचं भाडं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून जहाज जितकं डोंगराच्या पायथ्याजवळ नेता येईल तितकं नेणं हे व्यापाऱ्याचं सगळं गणित. कोकणाच्या नकाशावर हेच पुन्हा पुन्हा दिसतं. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर. सगळी जुनी पेठेची गावं, सगळी समुद्रापासून बरीच आत, सगळी भरती जिथे दमते तिथे, आणि प्रत्येकाच्या पाठीशी घाट. लंडन थेम्सच्या तोंडापासून दूर आत वसलं, स्पेनमधलं सेव्हिल ग्वादलकिवीरवर तसंच. भरतीच्या पाण्यानं गलबतं आत आणायची युक्ती साऱ्या जगानं केली. आपल्याकडे फरक एवढाच की नदी आखूड आणि पाठीला भिंत, त्यामुळे बंदर आणि घाटाचा पायथा एकमेकांना जवळजवळ चिकटलेले.

पोसायडनसारखा देव अशाच कुठल्या तरी भरतीच्या टोकाला होडीतून उतरला आणि गोणीत बसला. वडिलांचं वाक्य अर्धं होतं. घाट चढण्याआधी तो नदी चढून आला होता.

हे बंदर मोडलं कसं, त्याची गोष्ट कुठल्या एका लढाईची नाही. गाळ साचत गेला. डोंगरावरचं रान तुटलं की पावसाबरोबर माती खाली येते, आणि भरतीच्या टोकाला पाणी जिथे थबकतं तिथेच ती बसते. ज्या कारणानं जहाज तिथे थांबत होतं त्याच कारणानं मातीही तिथे थांबते. जहाजं मोठी झाली आणि खाडीच्या तोंडाशीच राहू लागली. वाघोटण, मग विजयदुर्ग, मग तेही नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि कोल्हापूरच्या मालानं तोंड फिरवलं. पश्चिमेला घाट उतरण्याऐवजी तो पुण्या-मुंबईच्या वाटेनं समुद्राकडे जाऊ लागला. मुंबईच्या आगबोटी विजयदुर्गला लागत होत्या तोवर खाडीत थोडी वर्दळ राहिली. रस्ते झाले, बोटी बंद पडल्या. खारेपाटणच्या पेठेनं पाण्याकडे पाठ करून महामार्गाकडे तोंड केलं.

पाणी मात्र पेठेला विसरलेलं नाही. जुलैत घाटमाथ्यावर धुवाधार कोसळत असतो, शुक नदी फुगलेली असते, आणि त्याच वेळी खालून उधाण चढतं. वरचं पाणी पुढे जाऊ शकत नाही, मग ते बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, महाड बुडालं. ही सगळी त्याच यादीतली गावं. दोन पाणी जिथे भेटतात तिथे ती वसवलेलीच आहेत. पूर्वीच्या लोकांनी ती जागा जाणूनबुजून निवडली, खोल पात्राच्या भरवशावर. पात्र भरलं, जागा तीच राहिली. खाडीतला गाळ आणि वरची झाडी ह्यांचा विचार एकत्र व्हावा असं मला कळकळीनं वाटतं. नुसतं पेठेत पंप लावून ते भागणार नाही.

मी बंदरावर उतरलो. बंदर म्हणजे आता चिऱ्यांच्या काही पायऱ्या आणि चिखल. एका घराच्या भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, मघाच्या कालवांच्या रेषेसारखी सरळ. एक म्हातारी पायरीवर बसून सुकट निवडत होती. मी कुठून आलो असं तिनं विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर म्हणाली, तिचे आजे-पणजे बैल घेऊन तिकडे जायचे, अंबाबाईला नारळ ठेवून गूळ घेऊन यायचे. तिनं मला कागदात बांधून मूठभर सुकट दिली आणि पैसे घेतले नाहीत.

खालून काकांची हाक आली, ''चला, पाणी फिरला.'' मला आता होडीनं परतायचं नव्हतं, बावड्याच्या घाटानं घरी जायचं होतं. काकांना निरोप दिला. त्यांनी दोर सोडला, यंत्र चालू केलं नाही. काटक्यांचं गोल फिरणं थांबलं होतं. त्या आता विजयदुर्गकडे निघाल्या होत्या आणि होडी त्यांच्या मागून. मी पेठेतून वर एसटी स्टँडवर आलो. भुईबावड्याच्या वळणांवर गाडीला पहिला गिअर टाकावा लागला, सुकटीचा वास साऱ्या गाडीत पसरला, आणि गगनबावड्याला पोचेपर्यंत दिवस मावळला.